वारणेच्या खोऱ्यातील वस्ती आणि पांढरा पडदा

जिल्ह्याचे नाव बदलायला सरकारचे एक पत्रक पुरते. माणसाच्या जिभेवरचे नाव बदलायला दोन पिढ्या जाव्या लागतात. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याची फोड झाली आणि आमचा वाळवे तालुका दक्षिण सातारा नावाच्या नव्या जिल्ह्यात गेला. १९६० साली त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. तरी माझे आजोबा अखेरपर्यंत 'आमी साताऱ्याचे' असेच सांगत. सांगलीला ते फक्त हळद विकायला जात. त्यामुळे अण्णा भाऊ साठे कोणत्या जिल्ह्याचे, या प्रश्नाला आमच्याकडे दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात ते जन्मले तेव्हा वाटेगाव साताऱ्यात होते; आज ते सांगलीत आहे. गाव जागचे हललेले नाही.

वस्तीच्या नावाची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवले की, जातीवरून पडलेली वस्त्यांची आणि रस्त्यांची नावे काढून टाकावीत आणि त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. निर्णय योग्यच होता. पोस्टाच्या पाकिटावर पत्ता लिहिताना माणसाला आपली जात लिहावी लागते, ही लाज वस्तीची नव्हती, आपणा सर्वांची होती. मी ज्या गावात शिकवतो तिथेही ओढ्यापलीकडच्या वस्तीच्या तोंडाशी नवी पाटी उभी राहिली. पुढे साथीचे दिवस सरून शाळा पुन्हा भरू लागल्यावर सहावीच्या वर्गाला मी 'माझी वस्ती' हा निबंध घातला. सगळ्या वह्या आल्या. एक कोरी आली. त्या मुलाला जवळ बोलावून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला,

"गुरुजी, ही वस्ती तर आत्ता झालीया. पाटी लागून वरीस न्हाई झालं. आन् आज्जी ज्या गोष्टी सांगती त्या समद्या जुन्या नावाच्या वस्तीतल्या हाइत. मग त्या कुठं लिवायच्या?"

मुलाच्या या प्रश्नाला शाळामास्तरापाशी तयार उत्तर नव्हते. अजूनही पुरते आहे असे नाही. परंतु त्या प्रश्नाने मला जे शोधायला लावले त्याविषयी थोडे लिहावे म्हणून हा प्रपंच.

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दगडी बांधकाम उभे राहते. साताऱ्याचा माणूस अजिंक्यताऱ्याकडे बोट करील, राजवाड्याकडे करील. सांगलीचा माणूस गणपतीच्या देवळाकडे करील, आणि थोडा रसिक असेल तर १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथेच 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले हे अभिमानाने सांगील. यातले काहीच खोटे नाही. पण ओढ्यापलीकडच्या वस्तीत दगडी असे काहीच नसते. कुडाची घरे पडली, त्या जागी पत्र्याची आली. पत्र्याची गेली, त्या जागी स्लॅबची आली. तिथला वारसा हातात असतो, जिभेवर असतो, हलगीच्या कातड्यावर असतो. आणि माझ्या मते त्याचा एक मोठा तुकडा सिनेमाच्या पडद्यावर आहे, याची आठवण आपल्याला फारशी राहिलेली नाही.

या बाबतीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांकडून शिकण्यासारखे आहे. आणि अमेरिका म्हणजे आम्हा सातारकरांना काही अगदीच परका मुलूख नव्हे. जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. त्या जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, कारण त्यांनी आपल्या देशातल्या काळ्या माणसाची गुलामीतून सुटका केली होती. पुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. हाच मुलगा १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. त्या विद्यापीठाला अगदी लागून हार्लेम नावाची वस्ती आहे. साताऱ्याच्या शाळेत ज्याला इतर मुलांपासून दूर बसावे लागले, तो तीन वर्षे त्या वस्तीच्या शेजारी राहून शिकला. पुढे १९४६ साली त्याच आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या लोकांच्या स्थितीतले साम्य सांगितले. आणि १९७२ साली मुंबईत तरुण लेखकांनी संघटना काढली तेव्हा तिचे दलित पँथर हे नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले. म्हणजे कटगुणच्या घराण्यापासून निघालेला हा धागा शंभर वर्षे तुटलेला नव्हता.

हार्लेम ही वस्ती कशी वसली ते पाहण्याजोगे आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांतून कृष्णवर्णीय माणसे उत्तरेच्या शहरांकडे निघाली. १९७० पर्यंत सुमारे साठ लाख माणसांनी असे घर सोडले. कोणी शिकागोला गेले, कोणी डेट्रॉइटला, कोणी हार्लेमला. या माणसांच्या वस्त्यांतून नाटकगृहे निघाली, गाणी निघाली, वर्तमानपत्रे निघाली, आणि सिनेमाही निघाला. ऑस्कर मिशो हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसेल. १८८४ साली जन्मलेल्या या माणसाचा बाप गुलामीत जन्मलेला. मिशो आगगाडीच्या शयनयानात हमाली करून चार पैसे साठवून साऊथ डाकोटात गेला. तिथे त्याने माळरान घेऊन शेती केली. दुष्काळाने आणि कर्जाने शेती बुडाली, तेव्हा त्याने कादंबऱ्या लिहिल्या आणि स्वतःच दारोदार फिरून शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांना विकल्या. 'द होमस्टेडर' ही त्याची कादंबरी एका कृष्णवर्णीय चित्रपट कंपनीने विकत मागितली. मिशो म्हणाला, देतो, पण दिग्दर्शन मी करणार. कंपनीला ते पटेना. बोलणी फिसकटली. तेव्हा त्याने आपल्या ओळखीच्या लोकांना समभाग विकून पैसा उभा केला आणि १९१९ साली तो चित्रपट स्वतःच काढला. ज्याने पूर्वी कधी कॅमेरा धरला नव्हता, त्याने पुढच्या तीस वर्षांत सुमारे चाळीस चित्रपट केले.

हा मिशो वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारखे अण्णा भाऊच येत होते. दोघांचीही शाळा अर्धवट. अण्णा भाऊंची तर जवळजवळ नाहीच. दोघेही पोटासाठी गाव सोडून निघाले. १९३१ च्या सुमारास वाटेगावहून साठ्यांचे कुटुंब पायी मुंबईला गेले. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल तिथे मुक्काम करायचा आणि पुढे चालायचे. मुंबईत मुलाने हमाली केली, गिरणीत काम केले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात तो राजकारण शिकला, पाट्या वाचता वाचता अक्षरे शिकला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या कादंबऱ्यांत चिरागनगरपेक्षा वारणेचे खोरेच अधिक आहे. १९५९ साली 'फकिरा' आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी. खांडेकर जन्माने सांगलीचे आणि पेशाने शिक्षक. एका शिक्षकाने शाळा न पाहिलेल्या माणसाच्या कादंबरीला प्रस्तावना लिहावी, याचे मला शिक्षक म्हणून फार कौतुक वाटते.

मग सिनेमावाले आले. १९६१ साली गजानन जागीरदारांनी 'वैजयंता' काढला. त्याच दशकात 'फकिरा' पडद्यावर आला. १९६९ साली तर तीन चित्रपट आले: 'आवडी'वरून 'टिळा लावते मी रक्ताचा', 'माकडीचा माळ'वरून 'डोंगरची मैना' आणि 'चिखलातील कमळ'वरून 'मुरळी मल्हारीरायाची'. १९७० साली 'वारणेचा वाघ' आला आणि १९७४ साली 'अलगूज'वरून 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा'. सात चित्रपट. आपल्या किती मराठी कादंबरीकारांच्या सात कादंबऱ्या पडद्यावर गेल्या असतील, ते वाचकांनीच मोजून पाहावे. पण यातला एक आकडा मनाला लागतो. ज्या १९६९ साली तीन चित्रपट आले, त्याच वर्षी १८ जुलैला अण्णा भाऊ वारले, आणि वारले ते गरिबीतच.

मिशो आणि अण्णा भाऊ यांच्यातला फरक मला इथे दिसतो. मिशोने कादंबरी दिली नाही, कॅमेराच हातात घेतला. अण्णा भाऊंनी कादंबऱ्या दिल्या. कॅमेरा दुसऱ्यांच्या हातात राहिला. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. मिशोपाशी निदान समभाग विकत घेणारे शेतकरी होते. चिरागनगरात समभाग कोण घेणार? त्या दिग्दर्शकांनाही मी दोष देत नाही. त्यांनी ही माणसे पडद्यावर आणली हेच त्या काळी मोठे काम होते. परंतु कॅमेरा ओढ्याच्या कोणत्या काठावर उभा आहे, याने चित्र बदलते एवढे मात्र खरे.

हे मला शिकवले ते वस्तीतल्या तात्यांनी. सारी वस्ती त्यांना तात्याच म्हणते, म्हणून मीही म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. कान थोडे गेलेले, पण आठवण खणखणीत. कोरी वही ठेवणाऱ्या मुलाचे हे चुलत आजोबा. त्या निबंधाच्या निमित्ताने मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. त्यांच्या तरुणपणी सुगी झाली की यात्रेच्या सुमारास तंबूतला सिनेमा येई. दिवसा बैलगाडीतून भोंगा फिरायचा, रात्री माळावर तंबू लागायचा. मध्ये कनात, एका बाजूला बाया, एका बाजूला गडी. खाली भुई. ज्याने त्याने आपले पोते आणायचे. एकच यंत्र असल्यामुळे एक रीळ संपले की दिवा लावायचा, दुसरे रीळ चढवायचे आणि पुन्हा दिवा घालवायचा.

"गुरुजी, तिकीट समद्यांचं सारकंच," तात्या सांगत होते. "अंधारात कोन कुनाच्या शेजारी बसलाय ते दिसत न्हवतं. पर रीळ बदलाया दिवा लागायचा. दिवा लागला की ज्यो त्यो बघायचा आन् जरा सरकून बसायचा. परत अंधार झाला की परत पडद्याकडं. असं चारदा-पाचदा व्हायचं बगा एका खेळात."

मी विचारले, "तात्या, 'फकिरा' बघितलात तुम्ही?"

"बगितला की! गबऱ्या घोड्यावर बसून फकिरा आला आन् आमी उभं ऱ्हायलो. मागनं कोनतरी वरडलं, खाली बसा, दिसंना. बसलो. पर गुरुजी, त्या वक्ताला आमच्या नवरदेवाची वरात घोड्यावरनं गावातनं जाऊ देत न्हवते. आन् पडद्यावर आमचा मानूस घोड्यावर. समदं गाव तिकीट काढून त्येला बघतंय."

एवढे बोलून ते थांबले. मग हसून म्हणाले, "दुसऱ्या दिशी आमच्यातल्या चौघा पोरांनी केसं तसं कापून घेटलं. न्हावी आमचं केस कापत न्हवता. आमचं आमीच कापलं."

चित्रपट-समीक्षा मीही थोडीफार वाचली आहे. पण अंधारात एक झालेले आणि दिवा लागताच सरकून बसणारे गाव मला कोणत्याही समीक्षेत भेटले नाही. मला वाटते, त्या सात चित्रपटांचा खरा इतिहास असा तंबूतल्या भुईवर लिहिलेला आहे, आणि तो लिहून घेण्याची वेळ झपाट्याने निघून चालली आहे.

कॅमेरा कुठे उभा आहे ते बायांच्या नजरेला अधिक लवकर कळते. एकदा वस्तीत कोणा पोराच्या मोबाइलवर एक जुना ग्रामीण चित्रपट चालला होता. चार म्हाताऱ्या भोवती बसल्या होत्या. नायिका दोर वळत होती. एक म्हातारी पुटपुटली, "ह्यो काय वाख हाय व्हय? सुतळी दिलीया तिच्या हातात." दुसरी म्हणाली, "दोर वळतीया आन् लुगडं बघ कसं, आत्ताच पेटीतनं काढल्यावानी." सगळ्या हसल्या. हसण्यावारी गेले, पण मी तिथून उठलो तो विचार करीतच.

दोर वळणे हा या वस्तीचा पिढीजात धंदा. घायपात कापायचा, पाण्यात कुजत घालायचा, बडवून, धुऊन त्याचा वाख काढायचा आणि वळायचा. नाडा, सोंदूर, कासरा, दावे, चऱ्हाट. प्रत्येकाची जाडी निराळी, पीळ निराळा. विजेचे पंप येण्यापूर्वी या खोऱ्यातले बागायत मोटेवर पिकत होते. मोट ज्या नाड्यावर वर येई तो नाडा याच वस्तीत वळलेला. म्हणजे वस्तीतला नाडा सबंध गावाच्या विहिरीत उतरत होता आणि तो वळणारा हात मात्र त्या विहिरीच्या काठाला लागू दिला जात नव्हता. ज्याला वारसा म्हणायचे तो हा आहे. यात अन्याय आहे आणि कसबही आहे. एक गाळून दुसरे सांगता येत नाही. केरसुणीची हीच गोष्ट, हलगीची हीच गोष्ट. गावचे लग्न हलगी-सनईशिवाय होत नसे, आणि वाजवणारा मात्र मांडवाबाहेर.

कॅमेरा ओढ्याच्या या काठावर आला तो अलीकडे. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१३ साली 'फँड्री' केला. त्यातले कुटुंब कैकाडी समाजाचे आहे. गावातली डुकरे धरायचे काम त्यांच्या माथी येते, आणि शाळेत जाणाऱ्या जब्या नावाच्या पोराला, आपल्या वर्गातल्या मुलीने हे पाहू नये असे वाटत असते. दोन ठिकाणी हा चित्रपट शाळामास्तराच्या छातीत रुततो. डुक्कर आता हाती लागणार एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निवांत निघून जाते. पुढे ते मेलेले डुक्कर काठीला बांधून नेतात, तेव्हा मागे शाळेची भिंत दिसते आणि भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रे. तशीच चित्रे माझ्याही शाळेच्या भिंतीवर आहेत. दरवर्षी जयंतीच्या आधी आम्ही ती नव्याने रंगवून घेतो. 'फँड्री' पाहिल्यापासून त्या भिंतीपुढून जाताना मला बाहेरून आत पाहण्याची सवय लागली आहे. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. तंबूतला दिवा लागला की लोक सरकून बसत. या दगडापुढे सरकायला जागाच ठेवलेली नाही.

परंतु चित्रपट काढून भागत नाही, तो राखावाही लागतो. पहिल्या मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले; त्यांतले आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच पुरते पाहायला मिळतात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, तोवर बहुतेक रिळांची माती झाली होती. मिशोचा 'द होमस्टेडर' आज कुठेच नाही. त्याचा १९२० सालचा 'विदिन अवर गेट्स' हाही कित्येक दशके हरवलेला होता. मग त्याची एकच प्रत सापडली, तीही स्पेनमध्ये, स्पॅनिश नावाखाली. अमेरिकेच्या ग्रंथालयाने ती दुरुस्त करून १९९३ साली पुन्हा लोकांपुढे आणली. स्वतःच्या वस्तीची गोष्ट परमुलखातल्या कपाटातून परत आणावी लागली. पण परत आणली, आणि आज हार्लेमच्या मुलांना ती पाहता येते. आपल्याकडे अण्णा भाऊंचे टपाल तिकीट २००२ साली निघाले. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. चांगलेच झाले. पण त्यांच्या सात चित्रपटांचा एक संच, नीट दुरुस्त केलेला, वाटेगावात आणि चिरागनगरात दरवर्षी १ ऑगस्टला दाखवता येईल असा, एवढी साधी गोष्ट कोणाच्या यादीवर आहे का? पुतळ्याला हार घालता येतो. पण पुतळा घोड्यावर बसून येत नाही आणि त्याला पाहून माणसे उभी राहत नाहीत.

हे मी वस्तीतल्या तरुणांपाशी बोललो. १ ऑगस्टची वर्गणी जमली होती आणि डॉल्बी कुठून आणायची यावर चर्चा चालली होती. माझे बोलणे त्यांना तितकेसे रुचले नाही. त्यातला एक शिकलेला पोरगा मला स्पष्टच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही गावातले. तुम्हांला आमची जुनी दुःखं बघायला आवडतात. आम्हांला नाचायचंय." मी गप्प बसलो, कारण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ज्यांना शंभर वर्षे वरातीत नाचू दिले नाही, त्यांना नाचू नका असे सांगण्याचा अधिकार मला कुठला? तेव्हा तात्या मध्ये पडले. म्हणाले, "नाचा की. हलगीवर नाचा. पर रातच्याला पडदा लावा. मला यकदा दिवा न लावता सबंध सिनेमा बघायचाय." यावर कोणी काही बोलले नाही. त्या वर्षी मिरवणूक झाली, आणि रात्री समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरे धोतर ताणून चित्रपटही झाला. गावातली माणसे आली का? आली, थोडी. उशिरा आली आणि कडेला उभी राहिली. आता रीळ बदलावे लागत नाही, त्यामुळे मध्ये दिवा लागला नाही. खेळ संपला तेव्हा त्यांतले चार-सहा जण खाली बसलेले मला दिसले. यावरून मी काही मोठा निष्कर्ष काढीत नाही. जे पाहिले ते सांगितले.

आणि कोरी वही? ती कोरी राहिली नाही. त्या मुलाने शेवटी निबंधाच्या वर वस्तीचे नवे नावच घातले आणि खाली आज्जीच्या जुन्या गोष्टी लिहिल्या, नाड्याच्या, मोटेच्या, घोड्याच्या. जुने नाव त्याने एकदाही लिहिले नाही आणि एकही गोष्ट गाळली नाही. मोठ्यांना जे सोडवता आले नाही ते त्याने आपल्या परीने सोडवले. मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले. एक शुद्धलेखनाचा कापला.

आता तो मुलगा नववीत आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने आणि त्याच्या मित्रांनी कोणाचा तरी मोबाइल मिळवून आज्जीचे चित्रीकरण करायचे ठरवले. ओढ्याकाठचा घायपात कापून आणला. आज्जीने तो कुजवून, बडवून, वाख काढून दिला. किती वर्षांनी हात लावला असेल, पण पीळ चुकत नव्हता. मीही जाऊन एका बाजूला उभा राहिलो. आज्जी अंगणात पाय पसरून बसली. मुलाने मोबाइल समोर धरला.

"ह्ये कुनाला दावनार?" आज्जीने विचारले.

"समद्यांना," पोरगा म्हणाला.

सुतळीच्या दोराला आणि पेटीतल्या लुगड्याला हसणाऱ्या चार म्हाताऱ्यांतलीच ही एक. तिने वाख खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि म्हणाली,

"मग जरा थांबा. लुगडं बदलून येते."